फाईटचा अंदाज आधी वहीत लिहा, मग भांडा: रविवार सकाळच्या एमएमए बैठकीची पद्धत

२०२२ च्या ऑगस्टमधला रविवार, बडोद्याच्या दांडिया बाजारातलं मामांचं घर, फाफडा-जिलेबीचं पुडकं उघडून मध्ये ठेवलेलं आणि टीव्हीवर सॉल्ट लेक सिटीहून कमारू उस्मान आणि लिऑन एडवर्ड्सची एमएमएची, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं त्या मिश्र मार्शल आर्ट्सची, टायटल फाईट चालू. उस्मान तोवर यूएफसीत (एमएमएच्या फाईट भरवणारी सगळ्यात मोठी कंपनी) सलग १५ फाईट जिंकलेला, पहिला राउंड एडवर्ड्सनं घेतला होता पण पुढचे तिन्ही उस्माननं खेचून नेले, पाचव्यातही तेच चाललेलं. मामा म्हणाले संपली, शेजारचा गुजराती मित्र म्हणाला "आ तो गयो", मी चहा टाकायला उठले, आणि ५६ सेकंद उरलेले असताना एडवर्ड्सची डावी लाथ उस्मानच्या डोक्यावर बसली आणि तो माणूस उभाच्या उभा आडवा झाला.

त्यानंतर दोन मिनिटांत खोलीतले पाचही जण सांगत होते की मला वाटलंच होतं. मावसभाऊ म्हणाला मी शुक्रवारीच बोललो होतो, मामी म्हणाल्या मला नाही आठवत, आणि त्यावर अर्धा तास जे भांडण झालं त्याला काही अर्थच नव्हता कारण कोणाचंच काही लिहिलेलं नव्हतं. त्या दिवसापासून आमच्याकडे वही आहे. इथे जे सांगतेय ते त्या वहीतूनच शिकलेलं, आणि ज्यांच्याकडे दर रविवारी चार लोक जमून असंच भांडतात त्यांच्यासाठी लिहितेय.

वही कशी आखायची

साधी शंभर पानी वही पुरते. एका फाईटला एक ओळ नाही, अर्धं पान द्या. प्रत्येकानं आपल्या हातानं लिहायचं: कोण जिंकेल, कसा जिंकेल म्हणजे नॉकआउट, सबमिशन (गळा किंवा सांधा आवळून हार मानायला लावणं) की जजच्या निर्णयावर, किती टक्के खात्री आहे, आणि त्याचं एकच मुख्य कारण. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, तो म्हणजे "मी चुकत असेन तर ते मला कशावरून कळेल". उदाहरणार्थ मी लिहिलं की अमुक फायटर टेकडाउनवर, म्हणजे समोरच्याला जमिनीवर पाडून, जिंकेल, तर शेवटच्या रकान्यात येईल की पहिल्या राउंडमध्ये त्याचे पाय धरून पाडायचे दोन पट फुकट गेले आणि तो धापा टाकत परत आला तर मी चुकलेय. हे आधी लिहिलं की फाईट बघताना डोळे योग्य जागी जातात, नाहीतर आपण आपल्या माणसाचेच ठोसे मोजत बसतो.

दोनदा लिहायचं. एकदा बुधवार-गुरुवारी आणि एकदा फायटरांची वजनं झाल्यावर. अमेरिकेत वजनं शुक्रवारी सकाळी होतात म्हणजे आपल्याकडे शुक्रवारची रात्र, तेव्हा शनिवारी आरामात बदल करता येतो, पण जुनं खोडायचं नाही, खाली नवीन लिहायचं. फाईट सुरू झाली की वही बंद, मग कोणी कितीही विनवण्या केल्या तरी.

मामांना हे पटायला वेळ लागला. ते लहानपणी जुम्मादादा व्यायाममंदिरात घाम गाळलेले, त्यांना कागदावर पैलवान मोजणं म्हणजे काहीतरीच वाटायचं. मग मी त्यांना कमाटीबागेतल्या म्युझियममधला गामा पैलवानाचा दगड आठवून दिला. गामानं बडोद्यात १२०० किलोचा दगड उचलला म्हणतात, कुठपर्यंत उचलला, किती पावलं चालला यावर मामा आणि त्यांचे मित्र आजही वाद घालतात, पण २३ डिसेंबर १९०२ या तारखेवर कोणी वाद घालत नाही कारण ती त्या दगडावर कोरलेली आहे. तेव्हापासून मामा सगळ्यात आधी पेन मागतात.

रेकॉर्ड वाचताना

नवीन माणूस सगळ्यात आधी रेकॉर्डचा आकडा बघतो, ७-०, १२-१ वगैरे, म्हणजे किती जिंकल्या आणि किती हरल्या, आणि तिथेच फसतो. आकडा कोणाविरुद्ध झालाय ते बघा. टॅपोलॉजी किंवा शेरडॉग या वेबसाइटवर प्रत्येक फायटरचा पूर्ण इतिहास असतो, तिथे शेवटच्या पाच फाईट उघडा आणि प्रत्येक प्रतिस्पर्ध्याच्या नावावर क्लिक करून त्याचाही इतिहास बघा, यात वीस मिनिटं जातात पण अर्धा अभ्यास इथेच होतो. मग हरलेल्या फाईट बघा. जिंकलेल्या फाईटपेक्षा हरलेल्या जास्त सांगतात, कारण माणूस कुठे मोडतो ते तिथे दिसतं, मार खाऊन पडला की जमिनीवर गळा देऊन बसला की शेवटच्या राउंडला हवा संपली.

आपल्या लोकांबाबत तर हे दहापट जपून करावं लागतं. अंशुल जुबलीनं २०२३ च्या फेब्रुवारीत जेका सारागीला हरवून रोड टू यूएफसी ही यूएफसीत प्रवेश मिळवून देणारी स्पर्धा जिंकली तेव्हा आमच्या घरात फटाके फोडायचेच बाकी होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अबू धाबीला तो माईक ब्रीडनशी लढला, ब्रीडन तोवर यूएफसीत एकही फाईट जिंकलेला नव्हता आणि अंशुल अजून एकदाही हरलेला नव्हता, तेव्हा वहीत माझी खात्री होती ८५ टक्के. तिसऱ्या राउंडमध्ये ब्रीडननं त्याला नॉकआउट केलं. नंतर शांत बसून बघितलं तर ब्रीडन हरलेला असला तरी यूएफसीच्या दर्जाच्या लोकांशी हरलेला होता, आणि अंशुलला त्या दर्जाचा माणूस अजून भेटलाच नव्हता. मी रेकॉर्ड वाचलाच नव्हता, झेंडा वाचला होता.

दुसरी बाजू पण आहे. भरत खंडारे, आपला मराठी माणूस, यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय, २०१७ मध्ये शांघायला पहिल्याच राउंडमध्ये गिलोटिनमध्ये (समोरून मान काखेत आवळायचा डाव) अडकून हरला आणि लोकांनी लगेच नावं ठेवली. पण समोर होता सोंग यादोंग, तेव्हा १९ वर्षांचा पोरगा, जो पुढे बँटमवेट या वजनगटाच्या वरच्या लोकांत जाऊन बसला. म्हणून जुनी हार वाचताना समोरचा माणूस पुढे काय झाला ते पण बघा.

फाईट कुठे होईल

कोण चांगला आहे हे विचारण्याआधी ही फाईट कुठे घडेल ते विचारा: उभ्यानं मोकळ्या जागेत, जाळीला चिकटून, की जमिनीवर. तिन्ही जागांचा मालक वेगळा असू शकतो. दोघांपैकी फाईट आपल्या जागेवर ओढून नेण्याची ताकद कोणाकडे आहे, हे कळलं की पुढचं सोपं जातं. बहुतेक वेळा ती ताकद कुस्तीवाल्याकडे असते, कारण चांगला कुस्तीवाला खाली नेऊ पण शकतो आणि न्यायचं नसेल तर उभा पण राहू शकतो, बॉक्सरला तो पर्याय नसतो.

इथे मामांचा डोळा सोन्यासारखा आहे. ते दुहेरी पट बघतात तेव्हा हात बघत नाहीत, कंबर बघतात. पट काढणाऱ्याची कंबर समोरच्याच्या कंबरेच्या खाली आणि जवळ आली तर तो पट लागणार, आणि कंबर मागे राहून डोकंच पुढे गेलं तर तो पडणार नाही, उलट गुडघा खाईल नाहीतर मान अडकवून बसेल. हे ते पडण्याच्या अर्धा सेकंद आधी बोलतात. आणखी एक, राउंडच्या मधल्या मिनिटात ते कॉमेंट्री ऐकत नाहीत, स्टुलावर बसलेल्या माणसाकडे बघतात. हात मांडीवर टेकवून खांदे वरखाली होतायत का, तोंड उघडं आहे का, कोच बोलतोय तेव्हा नजर कोचकडे आहे की समोरच्या कोपऱ्यात. मामा म्हणतात "दम पायात नसतो, आधी तोंडात दिसतो". तीन राउंडच्या फाईटमध्ये पहिल्या राउंडनंतरच हे दिसायला लागतं, आणि पाच राउंडच्या फाईटचा अंदाज लिहिताना तर प्रत्येक फायटर आधी कधी पाच राउंड गेलाय का हे मी आता वेगळं लिहून ठेवते.

पण कुस्तीचा डोळा एका जागी हमखास फसतो. आपल्याकडे पाठ टेकली की चितपट, कुस्ती संपली. एमएमएत पाठ टेकलेली असणं ही हार नाही, जिउ-जित्सू (जमिनीवरच्या पकडींची कला) येत असेल तर ती एक जागा आहे जिथून समोरच्याचा हात किंवा गळा घेता येतो. डिसेंबर २०२१ ला वन चॅम्पियनशिप या दुसऱ्या कंपनीच्या ग्रां प्री फायनलमध्ये आपली कुस्तीवाली रितू फोगाट आणि थायलंडची स्टॅम्प फेअरटेक्स होत्या, स्टॅम्प मूळची मुए थाईतली, म्हणजे उभ्यानं ठोसे-लाथा मारायच्या खेळातली, म्हणून आम्ही सगळे म्हणत होतो की खाली नेली की रितूचं काम झालं. दुसऱ्या राउंडमध्ये स्टॅम्पनं खालून पाय गुंडाळून आर्मबार (कोपर उलटं ताणायचा डाव) लावला आणि रितूला टॅप करून हार मानावी लागली. मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं की स्टॅम्प खाली असताना जिंकत होती का, आणि त्या दिवशी आम्ही तो डाव दहा वेळा मागे नेऊन बघितला, रितूचा हात कोपरापासून कधी एकटा पडला ते शोधत. हे करा. हरलेला डाव मागे नेऊन बघितल्यासारखी दुसरी शिकवणी नाही.

मग यूएफसी स्टॅट्सचे आकडे येतात, ते फुकट बघायला मिळतात. मी चारच बघते: मिनिटाला किती मारतो, मिनिटाला किती खातो, टेकडाउन किती लागतात, टेकडाउन किती अडवतो. मारण्यापेक्षा खाण्याचा आकडा मला जास्त कामाचा वाटतो, जो माणूस मिनिटाला पाच खातो तो पस्तिशीत अचानक कोसळतो. पण आकडा किती फाईटचा आहे ते बघा, टेकडाउन १०० टक्के अडवतो असं दिसतं आणि आत बघितलं तर आयुष्यात दोनदाच कोणी प्रयत्न केलेला असतो.

उभ्या फाईटमध्ये डावखुरा आणि उजवा समोरासमोर असेल तर एक गोष्ट नक्की बघा. उजवा माणूस डावा पाय पुढे ठेवून उभा राहतो, त्याचं लिव्हर उजव्या बाजूला, आणि डावखुऱ्याची मागची डावी लाथ नेमकी त्याच उघड्या बाजूला येते. एडवर्ड्स पण डावखुराच. तेव्हा डावखुऱ्याशी शेवटचं कधी लढलाय हा प्रश्न उजव्या फायटरबद्दल विचारायचाच.

अ नं ब ला हरवलं म्हणून

वादात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं आणि सगळ्यात कुचकामी हत्यार. याला एकच उत्तर द्यायचं. रोंडा राउझीनं मीशा टेटला दोनदा हरवलं, २०१२ मध्ये आणि २०१३ मध्ये. हॉली होमनं नोव्हेंबर २०१५ ला मेलबर्नमध्ये राउझीला डोक्यावर लाथ मारून झोपवलं. आणि चारच महिन्यांनी, मार्च २०१६ ला, टेटनं होमचा गळा आवळून टायटल नेलं. आता सांगा तिघींत मोठी कोण. समान प्रतिस्पर्धी बघायचेच नाहीत असं नाही, पण निकाल नाही बघायचा, ती फाईट कुठे आणि कशी घडली ते बघायचं.

वजन, वय, हवा, जागा

हे पटकन सांगते. लाईटवेट म्हणजे १५५ पाउंड, साधारण ७०.३ किलो, टायटल नसेल तर एक पाउंड सूट. वजन चुकवलं म्हणजे माणूस आजारी असेल किंवा मुद्दाम शरीर वाचवलं असेल, दोन्ही शक्य, म्हणून काट्यावर उभं राहतानाचा चेहरा आणि ओठ बघा, टॉवेलच्या आड पाय थरथरत असतील तर मी पाच-सात टक्के कमी करते. उंचीवरच्या शहरात दम लवकर जातो. २०१५ ला मेक्सिको सिटीत, जे समुद्रसपाटीपासून २२०० मीटरच्या वर आहे, केन वेलास्केझसारखा न थकणारा माणूस थकला आणि तिसऱ्या राउंडला वेर्डुमच्या गिलोटिनमध्ये सापडला, वेर्डुम आधीच जाऊन उंचावर सराव करून आलेला. लास वेगासच्या एपेक्स या यूएफसीच्या छोट्या हॉलमधला पिंजरा २५ फुटांचा, मोठ्या हॉलमधला ३० फुटांचा, लहान पिंजऱ्यात पळणाऱ्याचं नुकसान आणि दाबणाऱ्याचा फायदा. आणि ऐनवेळी आलेला माणूस सहसा हरतो, पण नेट डियाझ २०१६ मध्ये साधारण ११ दिवसांच्या नोटीसवर येऊन मॅकग्रेगरला दुसऱ्या राउंडमध्ये गळा आवळून हरवून गेला, कारण ती फाईट १७० पाउंडला झाली आणि डियाझ अंगानं मोठा होता. म्हणजे ऐनवेळी आला एवढंच लिहू नका, कोणत्या वजनाला आला तेही लिहा.

टक्के कसे ठरवायचे

इथे लोक घाबरतात, घाबरू नका. ५० टक्के म्हणजे मला माहीत नाही. ६० म्हणजे एक बाजू थोडी पटते. ७० म्हणजे दोन चांगली कारणं आहेत आणि उलट कारण एकच आहे. ८० च्या वर जायचं असेल तर समोरच्याचा जिंकायचा रस्ता मोठ्यानं बोलून दाखवा आणि तो बंद का आहे ते सांगा, नाही सांगता आलं तर परत ७० वर या. ९० आमच्या वहीत फार कमी वेळा येतं, चार औंसाच्या ग्लोव्हजमध्ये कोणाचाही एक ठोसा पुरतो.

बाहेर देशातले सट्टेवाले फाईटवर जो भाव लावतात त्याचे आकडे वाचता आले तर स्वतःचा अंदाज तपासता येतो. १.४० असा भाव असेल तर १ ला १.४० नं भागा, ७१ टक्के. समोरच्याचा ३.०० असेल तर ३३ टक्के. बेरीज १०० च्या वर जाते, साधारण १०५ झाली, वरचे पाच हा भाव लावणाऱ्याचा हिस्सा, तो काढला की पहिल्याला ६८ टक्के उरतात. माझा अंदाज यापासून वीस टक्के लांब असेल तर मला काहीतरी वेगळं माहीत असायला हवं, नाहीतर मी झेंडा वाचतेय. पैसे मात्र लावायचे नाहीत, २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केलाय आणि तो नसता तरी मी हेच म्हटलं असतं, पैसे आले की माणूस फाईट बघायचं सोडून देतो. आमच्याकडे महिन्याला सगळ्यात मागे राहणारा सगळ्यांसाठी सेव उसळ आणतो, बास.

मागे कोण हे ठरवायला हवामानवाल्यांची पद्धत वापरतो, ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये मांडलेली. ७० टक्के म्हणून बरोबर आलात तर चूक ०.३, तिचा वर्ग ०.०९ एवढा दंड. ७० म्हणून चुकलात तर ०.७ चा वर्ग ०.४९. ९० म्हणून चुकलात तर ०.८१. नेहमी ५० लिहिणाऱ्याला दर वेळी ०.२५. महिन्याची सरासरी काढा, ज्याचा दंड सगळ्यात कमी तो जिंकला. जो छातीठोक बोलतो त्याला हा हिशोब बरोबर पकडतो, आणि जो घाबरून ५० वर बसतो त्यालाही. पन्नासेक फाईट झाल्या की आणखी एक बघा, तुम्ही जिथे ७० लिहिलं त्यातल्या दहापैकी सात खरंच आल्या का. माझ्या ७० वाल्यांपैकी सहाच्या आसपास येत होत्या, म्हणजे मी जास्त बोलत होते, आता तिथे ६५ लिहिते.

निर्णयावरचं भांडण

फाईट जजकडे गेली की खरी मारामारी घरात सुरू होते. यासाठी आमचा नियम आहे की निकाल जाहीर व्हायच्या आधी, प्रत्येक राउंड संपला की लगेच, प्रत्येकानं आपला स्कोअर लिहायचा, १०-९ कोणाला (राउंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला सहसा ९). शक्य असेल तर टीव्हीचा आवाज बंद, कॉमेंटेटर ज्याचं नाव जास्त घेतो तोच जिंकतोय असं वाटायला लागतं. आणि नियमांचा क्रम पाठ हवा: आधी परिणामकारक मार आणि ग्रॅपलिंग (पकडीचे डाव), ते अगदी सारखं असेल तरच आक्रमकता, आणि तेही सारखं असेल तरच पिंजऱ्यावरचा ताबा. "तो पुढे पुढे येत होता" हे कारण म्हणून शेवटी येतं, लोक ते सगळ्यात आधी देतात. तसंच तीन मिनिटं वर नुसतं बसून राहिला आणि काही केलं नाही तर त्याचे गुण फार नसतात, हे मामांना अजून जड जातं.

आणि निर्णय राउंडचा असतो, अख्ख्या फाईटचा नसतो. दोन राउंड थोडक्यात जिंकणारा आणि एक राउंड स्पष्टपणे पण १०-९ नंच हरणारा माणूस २९-२८ नं जिंकतो.

८ जून २०२४ ला लुइव्हिलमध्ये पूजा तोमर रेयान डोस सांतोसशी लढली, यूएफसीत जिंकलेली पहिली भारतीय म्हणून तिचं नाव लागलं ती हीच फाईट. निकाल स्प्लिट होता. एका जजनं ३०-२७ पूजाला दिली, दुसऱ्यानं ३०-२७ रेयानला, तिसऱ्यानं २९-२८ पूजाला. म्हणजे दोन शिकलेली माणसं पिंजऱ्याच्या वेगवेगळ्या बाजूंना बसून तेच पंधरा मिनिटं बघत होती आणि एकाही राउंडवर त्यांचं जमलं नाही. आमच्या खोलीत पण मत फुटलं, मावसभावानं रेयानला २९-२८ दिलं आणि मामी त्याच्याशी दोन दिवस नीट बोलल्या नाहीत. पण त्याच्या वहीत राउंडवार कारणं लिहिलेली होती, म्हणून मंगळवारी आम्ही बसून फक्त दुसरा राउंड परत बघितला, आवाज बंद करून, आणि वाद त्या पाच मिनिटांवर आला. तेव्हापासून "चोरी झाली" हा शब्द आमच्याकडे कोणी वापरायचा असेल तर त्यानं कुठला राउंड ते आधी सांगायचं.

फाईटच्या आधीच्या वादाचा पण एकच नियम पुरतो: तुम्ही ज्याच्या विरुद्ध आहात त्याचा जिंकायचा सगळ्यात चांगला रस्ता आधी तुम्ही सांगायचा. तो सांगून झाला आणि समोरच्यानं मान हलवली की मग आपलं बोला. पहिल्या दोन रविवारी हे कंटाळवाणं वाटेल, तिसऱ्या रविवारी लोक शनिवारीच फोन करून विचारायला लागतात की तू काय लिहिलंयस, आणि ते सांगायचं नसतं.

सुरुवात करायची तर या रविवारी पूर्ण कार्ड (त्या दिवसाच्या सगळ्या फाईट) घेऊ नका, मेन कार्डातल्या, म्हणजे शेवटच्या मुख्य फाईटपैकी, फक्त तीन घ्या. फाईट संपली की लाल पेननं निकाल आणि त्याखाली एकच ओळ, कुठे चुकलं. नुसतं "नशीब" लिहायला आमच्याकडे परवानगी नाही, एडवर्ड्सच्या त्या लाथेआधी त्यानं डाव्या हाताचा ठोसा दाखवला होता आणि उस्मान तो चुकवायला लाथेच्याच बाजूला झुकला, हे आम्हाला तिसऱ्यांदा मागे नेऊन बघितल्यावर दिसलं, आणि वहीच्या पहिल्या पानावर तेच लिहिलेलं आहे. वही टीव्हीच्या बाजूच्या कोनाड्यात असते, निळं आणि लाल पेन दोऱ्यानं तिलाच बांधलेलं, आणि रविवारी फाफडा सुटण्याआधी मामा ती खाली काढतात.